वडिलांचे जुने कागद रद्दीत देण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील गेले, सांगलीचं घर दोन आठवड्यांत रिकामं करायचंय, त्यांच्या कागदांच्या चार गोण्या निघाल्यात, भाऊ म्हणतो सरळ जाळून टाकू, रद्दीवाला रोज विचारतोय, आणि तुम्हाला भीती आहे की ह्यातला एखादा कागद भलत्याच्या हाती पडला तर आईच्या किंवा वडिलांच्या नावावर कुणी काही उचापत करेल. कागद बारीक कापणारं मशीन, म्हणजे श्रेडर, घ्यावा का, हातानं फाडलं तर चालेल का, असं विचारलंय. मी ३२ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात केवायसीचे कागद तपासण्यात गेली. माझ्या वडिलांचं कपाटही मीच आवरलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्रेडरचं नंतर बघू. आधी एकही कागद न फाडता चारही गोण्या उपसा. पाकिटं उलटी करून झटका, पासबुकांची पानं चाळा, पंचांगांत आणि जुन्या डायऱ्यांतही बघा. माझ्या वडिलांच्या एका विजेच्या बिलामागे लाभांशाच्या वॉरंटचा, म्हणजे कंपनी लाभांशासाठी पाठवते त्या चेकसारख्या कागदाचा, अर्धा फाटलेला तुकडा चिकटलेला होता. त्यावरच्या फोलिओ नंबरावरून, म्हणजे कंपनीकडच्या भागधारकाच्या खाते क्रमांकावरून, आम्हाला कुणालाच माहीत नसलेले शेअर सापडले. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही की शेअर गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात, पण वारसाला अर्ज करून ते परत मागता येतात. कागदी शेअरची विक्री एप्रिल २०१९ पासून बंद झाली असली तरी वारसाच्या नावावर ते चढवता येतात. बँकेतल्या ठेवी दहा वर्षं पडून राहिल्या तर रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे, वडिलांचं नाव आणि पॅन घालून बघा. तेव्हा शेअर, एफडी, किसान विकास पत्र, विमा, पीपीएफ असलं काहीही दिसलं, अगदी चिठोरं असलं तरी, वेगळ्या पेटीत टाका. मालमत्तेचे मूळ दस्त, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि पेन्शनचे आदेश त्याच पेटीत. प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि त्यांचे पुरावे मी आठ वर्षांपर्यंतचे ठेवतो. घर विकलं तर भांडवली नफ्याचा हिशेब निघतो, म्हणून घर घेतल्याची आणि वाढीव बांधकामाची बिलं कितीही जुनी असली तरी ठेवा.

उरलेल्यांत लोक चुकीच्या कागदांना घाबरतात. विजेच्या बिलानं फारसं काही होत नाही. घातक कागद म्हणजे ज्यावर नाव, फोटो, नंबर आणि सही एकाच ठिकाणी आहेत तो. पॅनची किंवा आधारची खाली सही केलेली झेरॉक्स हा चोराला तयार माल. कर्ज विभागात अर्जासोबत आम्ही मागायचो तो हाच कागद. माझ्या मेहुण्याच्या पॅनवर कुणीतरी हप्त्यानं मोबाइल उचलला. अर्जाला जोडलेली झेरॉक्स त्यांचीच होती, सही त्यांचीच होती, फक्त ती त्यांनी त्या दुकानात कधी दिलेली नव्हती. कुठून गेली ते आजपर्यंत कळलं नाही. वसुलीचे फोन थांबायला आणि क्रेडिट रिपोर्ट साफ व्हायला सात महिने गेले. त्या सात महिन्यांत त्यांचं घरदुरुस्तीचं कर्ज अडून राहिलं.

दुसरा कागद बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: खरेदीखताची झेरॉक्स. आपल्याकडे प्रत्येक घरात तिच्या चार-पाच प्रती असतात, एक सोसायटीसाठी, एक बँकेसाठी, एक घरपट्टीसाठी. तिच्यात फोटो, पॅन, आधार, पत्ता, साक्षीदारांचे तपशील आणि अंगठ्यांचे ठसे असतात. २०१८ साली तेलंगणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरच्या दस्तांतून ठसे उचलून, त्यांचे रबरी अंगठे बनवून सिमकार्डं चालू केल्याचं उघडकीला आलं होतं. दस्तात तुमच्या आईचंही नाव असेल तर त्यांचा अंगठाही त्यावर असणार. जादा प्रती ठेवू नका, आणि कागद नष्ट करून झाले तरी आईच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आधारच्या ॲपवरून ते होतं, लागेल तेव्हा उघडता येतं.

ह्याखेरीज जुने चेक, एटीएमच्या पिनची पाकिटं, दवाखान्याच्या फायली, भरून न दिलेले अर्ज. कोरा चेक सापडला तर खालची चुंबकीय शाईतल्या आकड्यांची पट्टी आणि सहीची जागा कापून वेगळी करा. एटीएम कार्डाची चिप मधोमध कापा.

आता हातानं फाडण्याबद्दल. १९९० च्या सुमारास पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी हातानं फाडलेल्या कागदांची सुमारे १६,००० पोती सापडली, आणि ती जुळवायला माणसं वर्षानुवर्षं बसली. तेहरानमध्ये १९७९ मध्ये अमेरिकी दूतावासातले श्रेडरमधून काढलेले कागदही पट्टीला पट्टी लावून वाचले गेले. पण ती राज्याराज्यांमधली भांडणं. तुमच्या गोणीसाठी कुणी कोडं सोडवत बसणार नाही. आपल्याकडचा धोका आहे तो अख्ख्या कागदाचा. म्हणून हातानं फाडलं तर चालतं, पण चार तुकडे करून एकाच पिशवीत टाकू नका. फोटो, नंबर आणि सही ह्या तीन जागांमधून फाडा आणि तुकडे वेगवेगळ्या दिवशी कचऱ्यात टाका.

श्रेडर घ्यायचाच तर क्रॉस-कट, म्हणजे उभे-आडवे दोन्हीकडून कापून बारीक तुकडे करणारा घ्या. पट्ट्या पाडणारं मशीन ए-फोर कागदाच्या जेमतेम ३५ पट्ट्या करतं, आणि कागद आडवा घातला तर अख्खी ओळ एका पट्टीवर शाबूत राहते. तुकडा किती बारीक होतो ते सांगणारी पी-४ ही श्रेणी लिहिलेल्या मशीनचा तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका कागदाचे चारशेच्या आसपास तुकडे. दर महिन्याच्या कागदांना ते उत्तम. पण घरगुती मशीन काही मिनिटं चालून तापतं आणि मग तेवढाच किंवा जास्तच वेळ थंड व्हायला मागतं. चार गोण्या त्यात घालत बसलात तर दोन आठवडे तेच करत बसाल.

तुमच्यासाठी बादली बरी. माझी आजी जुने कागद भिजवून, मेथ्या घालून पाट्यावर वाटायची आणि त्या लगद्यानं सुपं-टोपल्या लिंपायची. वडिलांचे कागद मी तसेच संपवले. पिना आणि स्टेपल काढायचे, कागद हातानं मोठेमोठे फाडायचे, मोठ्या बादलीत गरम पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवायचे आणि मग लाकडी दांडक्यानं ढवळून चेंदामेंदा करायचा. नुसतं भिजवून भागत नाही. झेरॉक्सची शाई म्हणजे कागदावर वितळवलेली प्लॅस्टिकची पूड, ती पाण्यानं धुतली जात नाही. तंतू सुटे झाले तरच अक्षरं मोडतात. दुसऱ्या दिवशी बोटात धरून बघा, कागद शेवयांसारखा सुटत असेल तर झालं. लगदा पिळून, गोळे करून वाळवा आणि सुक्या कचऱ्यात द्या. लॅमिनेट केलेले कागद आणि गुळगुळीत फोटो भिजत नाहीत, ते कात्रीनं कापा.

जाळायचं मात्र नको. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहेच. शिवाय गठ्ठा फक्त कडेनं जळतो. राखेत मधली पानं तशीच राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत, वरच्या ओळी तपकिरी झालेल्या आणि खाते क्रमांक स्वच्छ वाचता येणारा.

रद्दीवाल्याला वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, जुन्या वह्या खुशाल द्या. त्याच्यावर संशय घ्यायचं कारण नाही, पण त्याच्याकडून कागद मोठ्या व्यापाऱ्याकडे, तिथून कागद गिरणीत किंवा पुड्या बांधणाऱ्याकडे जातो, आणि ह्या वाटेवर तो किती हातांखालून जाईल हे त्याच्याही ताब्यात नसतं.

इथून पुढे आईची झेरॉक्स कुठेही द्याल तेव्हा तिच्यावर तिरकं लिहा: कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख. लिहिताना अक्षरं कागदाच्या मजकुरावरून जाऊ द्या, कोपऱ्यात लिहिलेलं झाकून पुन्हा प्रत काढता येते. जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत मागून घ्या, ती मशीनखालच्या खोक्यात पडू देऊ नका. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून प्रिंट काढलीत तर दुकानदाराच्या कॉम्प्युटरवरून ती समोर उभं राहून पुसायला सांगा. मी दर वेळी सांगतो, कुणी रागावत नाही.

आणि कागद संपले तरी नंबर जिवंत असतात. वडिलांचा मोबाइल नंबर घाईनं सोडू नका, तो आपल्या कुणाच्या नावावर करून घ्या. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्याला मिळतो, आणि जिथे जिथे तो अजून नोंदलेला असेल तिथला ओटीपी मग त्या माणसाकडे जातो. शेवटचं विवरणपत्र वारस म्हणून भरून झालं की पॅन परत करायचा अर्ज द्या. आधारच्या पोर्टलवर घरातल्या माणसाचा मृत्यू कळवण्याची सोय २०२५ मध्ये सुरू झाली आहे, तीही बघा. आईच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर दिसतं. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, ती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. मी तीन-तीन महिन्यांनी एकेकीचा मागवतो, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. काही गैर दिसलं आणि पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनला फोन, मग बँक, मग पोलिस ठाणं.

दोन आठवड्यांत चारही गोण्या होणार नाहीत. घर रिकामं करायचं तर करा, पण जपायची पेटी आणि न चाळलेली गोणी आईकडे घेऊन जा. त्यांना शेजारी बसवून चाळा. कुठल्या कागदामागे काय आहे ते बहुतेक त्यांनाच आठवेल.