वहीतली टिक

"मॅडम, राजकारणाच्या कादंबऱ्या वाचून पोरगी बिघडली. सगळे मेले स्वार्थी, म्हणते. कुणावर विश्वासच नाही." निफाडकडच्या एक ताई वीस वर्षांच्या लेकीला घेऊन नाशिकला गंगापूर रोडवर माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ही काळजी घेऊन बरेच पालक येतात. मी आधी विचारते, घरात अलीकडे काय घडलं?

घडलं होतं. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत सख्ख्या काकाने विरोधात पॅनेल उभं केलं आणि वडील पडले. जिथून पीककर्ज मिळतं ती सोसायटी. तिथली हार जिव्हारी लागते. बांधाला बांध लागून द्राक्षबागा, पण बोलचाल बंद.

मुलीच्या पिशवीत 'सिंहासन' होतं, सार्वजनिक वाचनालयातून आणलेलं. अरुण साधूंची ही 1977 ची कादंबरी. साधू स्वतः पत्रकार, त्यामुळे सत्तेतली माणसं त्यांनी जवळून पाहिलेली. मी विचारलं, "यातलं कोण ओळखीचं वाटतं?" मला वाटलं, मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवणाऱ्या अर्थमंत्र्याचं नाव घेईल, म्हणजे काकाचं.

"मुख्यमंत्री," ती म्हणाली. "खुर्ची जाईल म्हणून धास्तावलेला. पप्पापण रात्री ओट्यावर बसून वहीत नावं लिहायचे. काकाच्या नावापुढे टिक होती. त्याला विचारलंच नव्हतं."

कोण जिंकलं ते पेपरात कळतं. रात्री ओट्यावर वही घेऊन बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते कादंबरी दाखवते. म्हणून मी वाचन थांबवायला कधीच सांगत नाही. झोप, जेवण, मैत्रिणी, कॉलेज सुटलं असतं तर मी वेगळा विचार केला असता. हिचं सगळं सुरळीत होतं. पोरगी दुखावली होती, इतकंच. ताईंना म्हटलं, पुस्तक हिसकावू नका. तुम्हीही वाचा आणि यातलं कोण आवडलं, कुणाची कीव आली, ते तिला विचारा.

तिसऱ्या वेळी वडीलही आले. लेकीने सरळ विचारलं, "पप्पा, अर्ज भरायच्या आधी काकाला विचारलं होतं का?"

"त्यात विचारायचं काय? भाऊच ना तो!"

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी कादंबरीचा विषय पुन्हा निघाला नाही.