आयडी १ च हवा, हा हट्ट का?

प्रश्न : मी जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर काम करते. ऑर्डरची टेस्ट एकटी चालवली की पास होते, सगळ्यांबरोबर चालवली की फेल. टेस्टमध्ये ऑर्डरचा आयडी १ धरलाय. मिळतो ४, कधी ७. प्रत्येक टेस्टनंतर रोलबॅक होतो, म्हणजे टेस्टने केलेले बदल रद्द होतात, टेबल रिकामंच असतं. मग आकडा १ पासून का सुरू होत नाही? दरवेळी काउंटर मागे आणू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गणपतीची वर्गणी मागायला कधी गेला होतात का? पावती लिहून झाली आणि घरमालक म्हणाले, “उद्या या,” की आपण पावतीवर आडवं ‘रद्द’ लिहितो. ३७ नंबर गेला तो गेला, शेजारच्या घरी ३८. पोस्टग्रेसचा सिक्वेन्स, म्हणजे आयडीचे आकडे देणारा काउंटर, तसाच चालतो. रोलबॅकने नोंद जाते, फाडलेला नंबर पुस्तकात परत चिकटत नाही. आणि हे मुद्दाम तसं ठेवलंय. नंबर परत घ्यायचा म्हटलं, तर एकाचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) पक्का होईपर्यंत बाकीच्यांनी ताटकळायचं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी (डेटा साठवणारं इंजिन) हेही याच वळणाचं.

काउंटर मागे आणता येतो. ट्रंकेटला, म्हणजे टेबल रिकामं करणाऱ्या कमांडला, ‘रीस्टार्ट आयडेंटिटी’ जोडा. नुसत्या ट्रंकेटने पोस्टग्रेसमध्ये टेबल रिकामं होतं, आकडा जागचा हलत नाही. जँगोच्या ट्रान्झॅक्शन टेस्टकेस या टेस्टच्या प्रकारात ‘रीसेट सिक्वेन्सेस’ची सोयही आहे, पण त्याने टेस्ट रडतखडत चालतात.

माझं ऐकाल तर करू नका. एका जुन्या कामात मी हौसेने प्रत्येक टेस्टआधी सगळी टेबलं १ वर आणायचो. सगळं हिरवंगार! बिल काढणाऱ्या फंक्शनला ऑर्डरच्या आयडीऐवजी ग्राहकाचा आयडी जात होता, आणि टेस्टमध्ये दोन्ही १ असल्यामुळे कुणाला पत्ताच नाही. खऱ्या डेटावर एकाचं बिल दुसऱ्याला गेलं तेव्हा कळलं. तेव्हापासून मी उलटं करतो : टेस्टचा डेटाबेस तयार होतानाच ‘ऑल्टर सिक्वेन्स’ने ग्राहक १००० पासून, ऑर्डर ५००० पासून सुरू करतो. आयडींची अदलाबदल झाली की टेस्ट लगेच बोंबलते.

तुमच्या टेस्टमध्ये बदल एवढाच : ऑर्डर तयार केल्यावर डेटाबेसने जो आयडी दिला तो व्हेरिएबलमध्ये ठेवा, पुढे यूआरएलमध्ये आणि तपासणीत तोच वापरा. १ हा आकडा कुठेच लिहू नका.

तुम्हाला तो १ बिलावर छापायला हवा असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. जीएसटीच्या बिलांचे नंबर सलग लागतात आणि आयडीत खाडे पडणारच. बिल नंबराचा स्वतंत्र कॉलम करा, त्याचा शेवटचा आकडा वेगळ्या टेबलात ठेवा, ती ओळ लॉक करून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये वाढवा. हा आकडा रोलबॅकबरोबर मागे येतो, त्यामुळे त्याच्या टेस्टमध्ये १, २, ३ बिनधास्त लिहा.