‘माह्यानं होत नाही’ हे ती खरंच सांगते आहे

पत्र पहिलं

ताई, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात राहतो. पाच एकर वावर आहे, कापूस आणि तूर. बायकोचं वय ३१. दोन वर्षांपूर्वी तिला एका डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, मग कमरेखाली मुंग्या. गावात कोणी लकवा म्हणालं, कोणी बाहेरचं. नागपूरला एमआरआय केला तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, निघालं. औषध सुरू आहे, ती चालते-फिरते. पण दिवाळीपासून ती पार बदलली. दोन घास खाऊन ताट सारते. पहाटे तीनला उठून बसते. मुलगी दुसरीत आहे, तिचा अभ्यास घ्यायची, तोही सोडला. काही म्हटलं की ‘माह्यानं होत नाही’, एवढंच उत्तर. आई म्हणते, दिसते तर धडधाकट, कामाचं नाव काढलं की आडवी होते. मीही चिडून बोललो, मन घट्ट कर, लोकांना कॅन्सर होतो. परवा म्हणाली, ‘मी नसली त तुमचा जीव तरी सुटन.’ हे आजारामुळे आहे की तिचा स्वभावच तसा झाला? मनाच्या डॉक्टरकडे नेलं तर गाव वेडी म्हणेल, याची भीती वाटते.

उत्तर

भाऊ, वहिनी परवा जे बोलल्या ते आधी घेते. फवारणीचं औषध घरात, कोठ्यात, कुठंही ठेवलेलं असेल तर पत्र वाचून होताच ते हलवा. वावरातल्या खोलीत कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. मग रात्री मुलगी झोपली की वहिनींजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आत दाबून ठेवलेलं बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडू नका, लगेच जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस सुरू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्हीही त्यावर बोलू शकता. तुमचाही जीव दमलेला दिसतो.

आता तुमचा प्रश्न. विहिरीवरच्या मोटरची केबल आठवा. वरचं प्लास्टिक सोललं गेलं की आतली तार शाबूत असूनही करंट नीट पोचत नाही. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण खराब करते. डोळ्याची नस धरली तर धूसर दिसतं, कण्यात झालं तर पाय जड होतात. आणि भाऊ, झोप, भूक, उमेद हे सगळंही त्याच मेंदूतून चालतं. तिथं सूज आली, व्रण पडले तर मनावर परिणाम होणारच. त्यात एवढ्या तरुण वयात न संपणारा आजार मागे लागल्याचं दुःख आहेच. एमएस असलेल्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येतं. वहिनींचा स्वभाव बदललेला नाही. पहाटे जाग येणं, भूक मरणं, पोटच्या लेकीतही मन न लागणं, ही लक्षणं आहेत, आणि यावर उपचार आहे.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मला एमएस होऊन १६ वर्षं झाली. तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. सुट्टीच्या दिवशी घरच्या वावरात कापूस वेचायला गेले आणि संध्याकाळी नणंद म्हणाली, वहिनी, हाताला रक्त कशाचं? वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी दोन्ही हातांची बोटं ओरबाडली होती, आणि मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. ती बोटं मी डॉक्टरांना दाखवली. पुढं दोन वर्षांनी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले, ते मात्र कोणालाच दाखवलं नाही. ज्या दवाखान्यात जात होते तिथं दर वेळी टाच-पंजा तपासत, डोळे तपासत, झोपेचं कोणी विचारत नव्हतं. मीही सांगत नव्हते. माझ्या मनातही तेच होतं, की मी कमजोर आहे.

एकदा एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं पाय तपासता तपासता विचारलं, ‘मॅडम, सकाळी उठावंसं वाटतं का?’ मी तिथंच रडले. तिनं मानसोपचार विभागात पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. दहा दिवसांत फरक दिसेना म्हणून मी त्या परस्पर बंद केल्या, ही माझी चूक. या गोळ्यांना गुण यायला तीन-चार आठवडे, कधी जास्तही लागतात. दुसऱ्यांदा नेटानं घेतल्या, सोबत समुपदेशन झालं, आणि महिनाभरानं एका सकाळी मला चहाला आल्याचा वास आला. तोवर चहा नुसताच पोटात जात होता.

म्हणून पुढच्या खेपेला नागपूरला जाल तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांना पायाच्या मुंग्या जितक्या मोकळेपणानं सांगता तितक्याच मोकळेपणानं हेही सांगा. पण त्या खेपेची वाट पाहत बसू नका, जवळच्या मानसोपचार तज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा. एमएसची सगळी औषधं चिठ्ठीसह सोबत न्या. मधे एमएसचा अटॅक येऊन, म्हणजे लक्षणं एकदम वाढून, स्टेरॉइडची सलाइन लागली असेल तर तेही सांगा, कारण त्यानंही झोप आणि मन बिघडू शकतं. गावाला काय सांगायचं? नसांच्या आजाराचं औषध आणायला गेलो होतो. यात खोटं काहीच नाही.

‘दिसते धडधाकट’ हे आईंचं म्हणणं मला लागलं, कारण माझ्या सासूबाईही असंच म्हणायच्या. एमएसचा थकवा वावरातून आल्यावरच्या थकव्यासारखा नसतो. झोपून उठलं तरी तो जात नाही. हात वर करून वेणी घालायची तर मधे दोनदा टेकावं लागतं. त्यात आपला उन्हाळा. अंग तापलं की सोललेल्या नसांतून करंट आणखी मंदावतो. उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्ये श्रमानंतर नजर धूसर होते हे नोंदवलं होतं, तेच हे. अंग थंडावलं की बहुतेक पहिल्यासारखं होतं, त्यानं नवी इजा होत नाही, हे वहिनींना नक्की सांगा. मी मे महिन्यात सकाळी आठच्या आत काम उरकते. माठाच्या पाण्यात भिजवलेला दुपट्टा मानेभोवती घेते, तो सुकला की पुन्हा भिजवते. भाकरी स्टुलावर बसून थापते. आईंना माझं हे उत्तर वाचून दाखवा. रागानं नको, जवळ बसून.

आणि एक कराच. दया येऊन त्यांच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नका. माझ्या घरच्यांनी मायेपोटी तसं केलं आणि मी आणखी खचले. कोणतं काम ठेवायचं, कोणतं सोडायचं, हे त्यांनाच ठरवू द्या. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना कोणाचे किती किलो, हे वहीत लिहायचं काम त्यांना विचारून पाहा. खुर्चीत बसून होतं, बायका भेटतात, चार शब्द कानावर पडतात. आधी औषधाला गुण येऊ द्या, लगेच जमलं नाही तर रेटू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र मिळतं का ते पाहा.

पत्र दुसरं

माझ्या बाबांना एमएस आहे. परवा शेजारच्या मयतीत त्यांना हसू आलं आणि थांबेचना. लोक वाईट बोलले. बाबा घरी येऊन म्हणाले, मला आतून रडू येत होतं. असं कसं होतं? (आर्वी तालुक्यातून एक मुलगी)

उत्तर

बाळा, बाबा खरं सांगत आहेत. मनात जे असतं ते चेहऱ्यावर किती आणू द्यायचं, याचा लगाम मेंदूत असतो, आणि एमएसमध्ये कधी कधी तोच सैल होतो. मग मनात नसताना हसू किंवा रडू फुटतं, थोडा वेळ टिकतं आणि आपोआप ओसरतं. डिप्रेशन वेगळं, त्यात उदासी आठवडेच्या आठवडे हलत नाही. काहींना दोन्ही असतं, म्हणून तपासून घ्या. यावरही औषध आहे. सुरू होतंय असं वाटलं की बाबांनी नजर दुसरीकडे वळवावी, खांदे सैल सोडून हळू श्वास घ्यावा, बसले असतील तर उभं राहावं. पुढच्या वेळी घरात असं झालं तर बाबांची परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि डॉक्टरांना दाखव. आणि ज्यांच्या घरी मयत झाली त्यांच्याकडे तेराव्याच्या आत बाबांना घेऊन जा. ‘त्यांच्या आजारात असं होतं’ एवढं तूच सांग, त्यांना सांगायला लावू नकोस.