न झालेली जखम

"मॅडम, बावीस वर्षं झाली. हातात काय आलं?"

हा प्रश्न मी इतक्या परिचारिकांच्या तोंडून ऐकलाय की आता पहिल्या दोन शब्दांतच ओळखू येतो. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत पावलोपावली दवाखाने. नाइट संपवून तिथून थेट माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या बायका खुर्चीत टेकतात, चपला काढून पाय सैल करतात आणि हेच विचारतात. पगार, ड्युट्या, घर हे सगळं त्याच्यामागून येतं. म्हणून त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. नाव देत नाही. तिला सगळे सिस्टर म्हणतात, आपणही तेच म्हणू.

सिस्टर आयसीयूत होत्या. डोक्याला मार लागलेला एक तरुण तिथे ४१ दिवस राहिला आणि बरा होऊन घरी गेला. जाताना घरचे डॉक्टरांच्या पाया पडले, संत्रा बर्फीचे डबे दिले. "माझ्यापुढून गेले मॅडम. ओळखलं बी नाही. त्याच्या आईला रोज रात्री मीच खुर्ची देत होती." तेव्हापासून ड्युटीला निघताना त्यांचे पाय जड होऊ लागले. १२ मेला, परिचारिका दिनाला मिळालेला गुलाब त्यांनी लॉकरमध्येच वाळू दिला.

पहिल्या दोन भेटी मी नुसतं ऐकलं. तिसऱ्या भेटीत त्यांच्या बोलण्यातला एक 'च' पकडला. "कोणीतरी विचारायलाच पाहिजे ना!" मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी. माणसाला घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा त्याचा हट्ट जास्त छळतो, असं ते १९५५ पासून मांडत आले. आपल्या मराठीत हा हट्ट एका अक्षरात सापडतो, हे आपलं भाग्यच. "इच्छा ठेवा, रास्तच आहे ती. फक्त 'च' सोडा," मी म्हटलं. सिस्टरांनी मान डोलावली. पण ते डोक्यापर्यंतच पोचलं, आत उतरलं नाही, हे मला दिसत होतं.

चौथ्या भेटीत मी वेगळं विचारलं. "त्या बेडजवळ रात्री दोन वाजता तुम्ही नेमकं काय करत होता?"

त्या सांगू लागल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. पाठ पुसून कोरडी करायची. माकडहाडावर लाल दिसलं तर बोटानं दाबून बघायचं. दाबल्यावर फिकं पडलं तर ठीक, तसंच लाल राहिलं तर समजायचं, पडून राहून होणारी जखम सुरू होतेय. सांगता सांगता त्यांनी माझ्या सोफ्यावरची उशी मांडीवर घेतली आणि तिच्या खोळीची सुरकुती तळहातानं ओढून सपाट केली. एकदा केली, पुन्हा केली. "चादरीला अशी एक बी घडी नको मॅडम. रुततं."

"मग त्याला जखम झाली?"

"नाही. ४१ दिवसांत एक बी नाही." मग आपसूकच म्हणाल्या, "जीएनएमला, नर्सिंगच्या कोर्सला, आमच्या ट्यूटर सांगत. नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्येच लिहून ठेवलंय, पाठीला जखम झाली तर चूक बहुतेक आजाराची नसते, शुश्रूषेची असते."

"आणि झाली नाही तर?"

कूलरचा आवाज तेवढा येत होता. त्यांचा हात उशीवरच थांबला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मग... ते आमचं." आणि रडल्या. आधीच्या तीन भेटींतलं रडणं वेगळं होतं.

माझ्या कामातल्या मोजक्या समाधानाच्या क्षणांत मी हा धरते. डॉक्टरचं यश टाक्यांत दिसतं, एक्स-रेच्या फिल्मवर दिसतं. परिचारिकेचं यश बहुतेकदा न घडलेल्या गोष्टींत असतं. म्हातारा बेडवरून पडला नाही, नळीतून दिलेलं अन्न फुप्फुसात गेलं नाही, चुकीचं इंजेक्शन टोचलं गेलं नाही. नातेवाईक आभार मानत नाहीत, कारण कशाचे मानायचे हेच त्यांना कळलेलं नसतं. त्यांना कृतघ्न समजू नका.

हाच प्रश्न तुमचाही असेल, तर ड्युटी संपल्यावर वहीत एकच ओळ लिहा: आज माझ्यामुळे काय झालं नाही. पेशंटचं नाव नको. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे ड्युटी सोपवताना, ते मोठ्यानं सांगाही. मात्र कमी स्टाफ, डबल ड्युटी, रखडलेला पगार यांना ही वही उत्तर नाही. त्यासाठी भांडायलाच हवं, आणि हा 'च' मी ठेवते. आणि दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.

शेवटच्या भेटीला सिस्टर पावसात भिजून आल्या. वही प्लास्टिकच्या पिशवीत होती. एक ओळ वाचून दाखवली: "बेड चार. आजोबा रात्री तीनदा उठायला निघाले. पडले नाही."

"नवीन पोरगी आली आहे वॉर्डात," त्या म्हणाल्या. "ओव्हर देताना तिला नुसतं सांगत नाही आता. पेशंटच्या पाठीला हात लावून पाहा म्हणते."