मलम की गोळी? आधी हात कधी धुतले ते सांगा

"दोनदा मलम लावलं तरी रात्री झोप नाही, आता गोळीच मागू का" हे तुमचं खरजेबद्दलचं वाचलं आणि माझीच दोन वर्षांपूर्वीची रड वाचतेय असं वाटलं. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. खरूज म्हणजे कातडीत घर करणारे बारीक किडे; ती कशी पसरते ते तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडते.

मला पर्मेथ्रिन ५ टक्के, म्हणजे हे किडे मारणारं मलम, दिलं होतं. मानेपासून तळव्यांपर्यंत लावायचं, ८ ते १४ तास ठेवायचं, मग आंघोळ. मी अगदी बेंबीतसुद्धा लावलं. आणि झालं की बेसिनपाशी जाऊन हात साबणाने खसाखसा धुतले, पांघरूण चिकट होईल म्हणून! बोटांच्या बेचक्या आणि मनगटं म्हणजे या किड्यांची हक्काची जागा. तिथलंच औषध मी दोन मिनिटांत धुऊन टाकत होते. एकदा नाही, तीनदा.

ज्या दवाखान्यात जात होते (नाव घेत नाही) तिथे "लावता कसं?" असं कोणी विचारलं नाही. "मलमाला दाद देत नाही" म्हणत आयव्हरमेक्टिनची गोळी लिहून दिली. वजन न करता. एकच डोस. गोळीने किड्यांची अंडी मरत नाहीत, म्हणून ७ ते १४ दिवसांनी दुसरा डोस घ्यायचा असतो, हे मला पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोवर दहा दिवस आराम आणि मग परत खाजवणं सुरू. त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "लावल्यावर हात धुता का?" मला अक्षरशः रडू आलं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: नीट लावलं तर मलम गोळीपेक्षा कमी नाही. गोळीचा फायदा एवढाच की तिथे लावण्यातली चूक होत नाही. घरात माणसं बरीच असतील, पाठीला हात पोचत नसेल, तर गोळी सोयीची. पण ती वजनावर ठरते, किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १२ मिलिग्रॅम. गरोदरपणात आणि १५ किलोखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. जाड खपल्यांची खरूज असेल तर दोन्ही लागतात, तिथे घरचं डोकं चालवू नका.

मलम पुन्हा लावाल तर आधी नखं कापा, जुन्या टूथब्रशने नखांखाली लावा आणि तो ब्रश फेकून द्या. मधे हात धुवावेच लागले तर लगेच परत लावा. सातेक दिवसांनी दुसरी फेरी. कपड्यांचं फार मनाला लावून घेऊ नका, अंगावेगळा किडा दोन-तीन दिवसच जगतो. गरम पाण्यात धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून ठेवा. मी मात्र गाद्या उन्हात ओढून कंबर धरून बसले होते.

आणि किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. त्या धास्तीने मी एक फेरी उगाचच जास्त केली आणि कातडी कोरडी पडून आणखी खाजली. शेजारपाजारचं स्टेरॉइडचं मलम तर चोळूच नका, पुरळ दबते आणि रोग आत तसाच.

घरात किती जणांनी एकाच रात्री लावलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. आमचे हे "मला कुठे खाजतंय" म्हणून बाजूला राहिले होते. पहिल्यांदा लागण झाली की चार-सहा आठवडे खाजतच नाही, पण किडे अंगावर असतातच.