समोर एमबीबीएस नाही, नीट आहे

‘मॅडम, बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोडून एमबीबीएस करू का?’

हा प्रश्न माझ्याकडे साधारण ऑगस्टनंतर यायला लागतो. मेडिकलच्या प्रवेशफेऱ्यांच्या याद्या लागतात, बरोबरच्यांचे पांढऱ्या एप्रनमधले फोटो फिरायला लागतात आणि ज्यांनी फार्मसी ‘सध्या घेऊन ठेव’ म्हणून घेतलेली असते त्यांची झोप उडते. मी समुपदेशक आहे, ठाण्यात नौपाड्यात बसते. कळव्यापासून खारघरपर्यंतची मुलं येतात. त्यातल्या एका मुलीबद्दल लिहिते आहे. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी ऐरोलीची. वडील महापेच्या एका कंपनीत स्टोअर्सला. कॉलेज बेलापूरकडे, म्हणजे सकाळी ट्रान्स-हार्बरची गर्दी, दुपारभर प्रॅक्टिकल, रात्री जर्नल. बारावीनंतर तिने एकदा नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, दिली होती. मार्क चारशेच्या आत. खुल्या गटातून तेवढ्यावर सरकारी कॉलेजात एमबीबीएस मिळणार नव्हतं. घरात दोन दिवस बीएएमएसची चर्चा झाली, मग कुणीतरी म्हणालं, सीईटीचा स्कोअर बरा आहे की, आणि फार्मसीच्या कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचा, फॉर्म भरला गेला. माझ्याकडे आली तेव्हा तिसरं सेमिस्टर चालू होतं.

पहिल्या भेटीत बाबाच बोलले. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून हिशेब वाचून दाखवला. आज वय १९. पुढच्या मेमध्ये नीट, म्हणजे प्रवेश विसाव्या वर्षी. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे २६. मग पदव्युत्तर प्रवेशाची नीट पीजी, पहिल्या फटक्यात लागली तर आणखी तीन वर्षं. ‘तिशी आली, मॅडम. इकडे बावीस व्हायच्या आत डिग्री हातात आहे. आणि भरलेली फी पाण्यात जाणार ती वेगळीच.’

हिशेब चोख होता. मी फक्त शेवटच्या रकमेवर काट मारायला सांगितली. भरलेली फी दोन्ही वाटांवर गेलेलीच आहे. मोजायचं ते पुढची वर्षं आणि पुढचा खर्च. बाबांना हे पटलं नाही. स्टोअर्समध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला पडून राहिलेला माल डोळ्यांआड करता येत नाही.

मुलगी एकटी आली तेव्हा तिने आजीची गोष्ट सांगितली. आजी आजारी असताना हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या, एका डॉक्टरबाईंनी फार मायेनं समजावून सांगितलं, तेव्हापासून डॉक्टरच व्हायचंय. खरी गोष्ट होती, पण असं कारण बहुतेक जण तयार करूनच आणतात. मी कारण फार खणत नाही, तारीख विचारते. फार्मसी सोडायचा विचार पहिल्यांदा नेमका कधी आला?

पहिल्या वर्षी आला नव्हता. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी होतं, दुसऱ्यात त्याचाच पुढचा भाग, बायोकेमिस्ट्री आणि पॅथोफिजिऑलॉजी, म्हणजे रोग शरीरात कसा घडतो त्याचा विषय. ती खूश होती, वर्गात पुढे होती. तिसऱ्या सेमिस्टरला सगळं बदललं. ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिकल फार्मास्युटिक्स, मायक्रोबायोलॉजी आणि फार्मास्युटिकल इंजिनिअरिंग. पंप, ड्रायर, डिस्टिलेशन, लोखंड का गंजतं. माणूस अभ्यासक्रमातून गायबच झाला. बी.फार्म सोडावंसं वाटणारी माझ्याकडची बरीच मुलं याच सेमिस्टरला येतात, आणि चौथ्यात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं त्याचा विषय, सुरू होते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कॉलेजांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत आहे, कोण जाणे.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली होती. ती तिने उठता उठता सांगितली. शाळेपासूनची मैत्रीण, जिला पहिल्या वेळी हिच्याहून कमी मार्क होते, ती एक वर्ष ड्रॉप घेऊन एमबीबीएसला लागली होती. ‘मी पण थांबायला हवं होतं,’ एवढंच म्हणाली आणि डोळे पुसले.

म्हणजे हा नुसता हेवा आहे, असा निष्कर्ष इथे काढता आला असता. तिच्या मावशीने काढलाही होता. मला तो घाईचा वाटतो. हेव्याने इच्छा खोटी ठरत नाही. दुसऱ्याच्या हातात बघितल्यावरच आपल्याला काय हवं होतं ते पुष्कळदा कळतं. पण हेव्याच्या भरात एक घोटाळा हमखास होतो. फार्मसी की मेडिकल, असा प्रश्न मांडला जातो, जणू दोन्ही जागा समोर वाढून ठेवल्या आहेत.

तिच्यासमोर एमबीबीएस नव्हतंच. तिच्यासमोर पुन्हा एकदा नीट होती. १८० प्रश्न, तीन तास, ७२० मार्क, चुकलेल्या उत्तराला एक वजा. त्यातले ४५ प्रश्न फिजिक्सचे, आणि फिजिक्सचं पुस्तक तिने बारावीनंतर उघडलेलं नव्हतं. देशभरातून वीस लाखांहून जास्त मुलं बसतात. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर, त्यातल्या सुमारे निम्म्याच सरकारी कॉलेजांत. बाकीच्या ठिकाणी वर्षाची फी लाखांत, आणि अभिमत विद्यापीठांचे आकडे बघून तर बाबांनी डायरी मिटूनच ठेवली होती. नेरुळ-कामोठ्याची मोठी मेडिकल कॉलेजं घरापासून जवळ आहेत, पण अंतर फीमध्ये मोजायचं झालं तर फार लांब आहेत.

याच ठिकाणी काही गैरसमज निघतात. बी.फार्म केल्यावर एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही. अशी सोयच नाही. फार्मसीत ॲनाटॉमी कितीही शिकलेली असो, पहिल्या वर्षापासून सुरुवात. पात्रतेला बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मार्क लागतात, खुल्या गटाला ५० टक्के, आणि क्रमांक ठरतो तो नीटवरच. वयाची वरची अट मात्र २०२२पासून नाही, आणि किती वेळा परीक्षा द्यावी यालाही मर्यादा नाही. ही बातमी चांगली म्हणायची की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘आता शेवटची’ म्हणायला बाहेरून कुणी भाग पाडत नाही, आपल्यालाच म्हणावं लागतं.

मधल्या काळात एका एजंटाचा बाबांना फोन आला. परदेशात एमबीबीएस, कमी पैशांत, ‘नीटचं टेन्शन नाही’. हे साफ खोटं आहे. परदेशात शिकून इथे डॉक्टरकी करायची तर नीट पात्र व्हावंच लागतं, आणि परतल्यावर परीक्षा असते ती वेगळी. बाबांनी फोन ठेवला. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातला त्यांचा सर्वांत झटपट निर्णय तो होता.

आम्ही ठरवलं की डिसेंबरअखेरपर्यंत काहीच ठरवायचं नाही, फक्त दोन गोष्टी करून बघायच्या. एक, दर रविवारी दुपारी दोन ते पाच, नीटची असते त्याच वेळेला, जुना पूर्ण पेपर पेनाने ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, सोडवायचा. घरी नाही, अभ्यासिकेत. फिजिक्समध्ये १८०पैकी किती आले तर पुढे जायचं, तो आकडा तिने स्वतः आधी लिहून पाकिटात ठेवला. दोन, शनिवारी संध्याकाळी घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, त्यांच्या आणि पेशंटच्या परवानगीने, बसायचं. मायेनं समजावणाऱ्या डॉक्टरबाई प्रत्येकाला आठवतात. ताप, खोकला, शुगर, मेडिकल सर्टिफिकेटसाठी घातलेला वाद आणि पुन्हा ताप, हे बघितल्यावरही जावंसं वाटतं का, ते बघायचं होतं.

दवाखाना तिला आवडला. कंटाळा आला नाही. एका आजींच्या पिशवीत तिला बीपीच्या दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिप सापडल्या, दोन्हींत औषध एकच, ॲमलोडिपिन. जुन्या संपल्या नव्हत्या, नव्या आल्या, आजी दोन्ही घेत होत्या आणि पाय सुजले म्हणून आल्या होत्या. डॉक्टरांनी लगेच एक बंद केली. मुलगी हे सांगताना खुर्चीच्या टोकावर आली होती. ‘बघ, तुझी जागा फार्मसीतच आहे’, असं मी तेव्हा म्हटलं नाही. ते फार सोयीचं झालं असतं, आणि बाबांनी मला पेढे आणून दिले असते. तिला पेशंटसमोर बसायला आवडतं, एवढंच त्यातून सिद्ध झालं होतं. ते तर डॉक्टर व्हायच्या बाजूनेही धरता येतं.

फिजिक्स ३८वरून सुरू झालं आणि सत्तरीत अडकलं. बायोलॉजी चांगलं येत होतं, ऑर्गॅनिकचा फायदाही झाला. पण नीट अकरावी-बारावीच्या पुस्तकातल्या ओळींवर फिरते. फार्मसीतलं जास्तीचं ज्ञान तिथे फारसं वटत नाही. बाबांनी, आश्चर्य म्हणजे, तिची बाजू घेतली. ‘कॉलेज करून एवढं केलंय. घरी बसून वर्षभर केलं तर वाढतील ना?’ वाढले असते, कदाचित पुष्कळ. शिवाय दोन्ही दगडांवर पाय ठेवून ते होणारही नव्हतं. फार्मसीला ८० टक्के हजेरी लागते, आणि नीट मेच्या पहिल्या रविवारी, म्हणजे सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावरच येते.

मला मार्कांपेक्षा दिवाळीची सुट्टी महत्त्वाची वाटली. त्या सुट्टीत तिच्याकडे मोकळे दिवस होते. पेपर तिने न चुकता दिले, पण मधल्या दिवसांत फिजिक्सचं पुस्तक उघडलं नाही. का, असं विचारल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मला डॉक्टर व्हायचंय. नीटचा विद्यार्थी नाही व्हायचंय परत.’

पाकिटात तिने १०० लिहिले होते.

डिसेंबरात तिने सांगितलं की नीट देणार नाही. घरातले सगळे सुटल्यासारखे झाले. मावशीने हॉटेलात जेवण ठरवलं. ती मात्र त्यानंतर जास्तच बिघडली. जेवण कमी झालं, एक इंटर्नल परीक्षा बुडाली. बाबा घाबरून आले, ‘आता तर सगळं ठरलंय ना?’

ठरल्यामुळेच तसं झालं होतं. पहिल्यांदा नीटचा निकाल लागला तेव्हा तिला रडायला वेळच मिळाला नव्हता. निकाल, बीएएमएसची चर्चा, कॅपचा फॉर्म, ऑप्शन भरणं, कागदपत्रं, सगळं एकामागोमाग एक. ‘दीड वर्ष मी मनात अजून वेटिंगवर होते’, हे तिचे शब्द. आता ते वेटिंग संपलं होतं. आमच्या भेटींचा मोठा भाग खरं तर याच्या नंतरचा आहे, आणि त्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही. ती रडायची, चिडायची, मैत्रिणीला शिव्या घालायची, मग वाईट वाटून घ्यायची. मी बाबांना एकच काम दिलं. फार्मसीत किती स्कोप आहे, हे सहा महिने तिला सांगायचं नाही. दुःखात असलेल्या माणसाला स्कोप सांगू नये. त्यांना ते फार जड गेलं. व्हॉट्सॲपवर आलेल्या नोकऱ्यांच्या जाहिराती ते मला पाठवत राहिले.

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. खारघरचा एक मुलगा बी.फार्म पूर्ण करून नीटला बसला. त्याने बारावीनंतरही फिजिक्सच्या शिकवण्या घेतल्या होत्या, तो विषय हातात होता. तो आज एमबीबीएसला आहे, वर्गात सगळ्यांत मोठा. ॲनाटॉमीने पहिल्या वर्षी रडवलं, दुसऱ्या वर्षीच्या फार्माकॉलॉजीत तो इतरांना शिकवत होता. त्याच्या बाबतीतही मी हेच विचारलं होतं: एमबीबीएस मिळालं नाही तरी हे एक वर्ष तुला परवडेल का? पैशाने आणि मनाने. तो ‘हो’ म्हणाला होता, आणि आधी डिग्री हातात घेतली होती. ज्यांना मधूनच सोडायचं असेल त्यांना मी एवढं बजावते की मेडिकलची जागा पक्की झाल्याशिवाय फार्मसीचा प्रवेश रद्द करू नका, आणि मूळ कागदपत्रं किती दिवसांत मिळतील, फीचं काय होईल, वर्ष खंडित केलं तर परत घेतील का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. ऑफिसमधले काका ‘होऊन जाईल’ म्हणाले, याला काही अर्थ नसतो.

ती मुलगी आता सातव्या सेमिस्टरला आहे. या सेमिस्टरला फार्मसी प्रॅक्टिस नावाचा विषय आहे. हॉस्पिटलमधली औषधव्यवस्था, औषधांचे दुष्परिणाम, रुग्णाला समजावणं हे त्यात येतं. तो तिला आवडतो. मैत्रिणीचे फोटो अजून म्यूट आहेत. पुढे काय, यावर ती दोन गोष्टींत घुटमळते आहे. जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.फार्म, किंवा बी.फार्मनंतरचं तीन वर्षांचं फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, ज्यात वॉर्डात जायला मिळतं. मी तिला स्पष्ट सांगितलं की आपल्याकडे सरकारी हॉस्पिटलांत क्लिनिकल फार्मासिस्टची पदं फार थोडी आहेत, आणि खासगीत पगार सुरुवातीला बेताचाच असतो. जीपॅटचा फॉर्म ती भरणार आहेच. त्याआधी फार्म.डी. असलेल्या दोन कॉलेजांत जाऊन तिथल्या मुलांना विचारून येणार आहे, की वॉर्डात खरंच किती वेळ उभं राहायला मिळतं आणि डॉक्टर त्यांचं ऐकतात का. बाबा म्हणाले, मी पण येतो. तिने नको म्हटलंय.