‘चिकटा’ कळणारं धोरण

प्रश्न : ताई, शाळेत ‘देशाचं एआय धोरण’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धा आहे. मुलं विचारतात, एवढे हजारो कोटी कशावर खर्च होणार आणि आपल्या गावाला त्यातलं काय मिळणार? मला नीट सांगता येईना.
– एक शिक्षक, मंगळवेढा तालुका

उत्तर : गुरुजी, मुलांनी नेमकं विचारलंय. आराखडा नीती आयोगानं जून २०१८ मध्ये मांडला. आरोग्य, शेती, शिक्षण, शहरं आणि वाहतूक ही त्याची पाच क्षेत्रं. पैशाची मंजुरी मात्र मार्च २०२४ मध्ये आली : ‘इंडियाएआय मिशन’, पाच वर्षांसाठी सुमारे १०,३७२ कोटी. त्यातला सर्वांत मोठा वाटा गणनशक्तीला, म्हणजे जीपीयू नावाच्या महागड्या चिप संशोधकांना आणि नव्या कंपन्यांना सवलतीच्या भाड्यानं मिळाव्यात यासाठी. हे मला मनापासून पटतं. मी सोलापुरात बावीस वर्षं संगणक शिकवला. असं यंत्र आमच्या कॉलेजला कधीच परवडलं नसतं.

पण गावाचं विचाराल तर आमच्या दादाचं सांगते. गेल्या पौषात त्यानं शेती-सल्ल्याच्या एका ॲपला तोंडी विचारलं, “शाळूवर चिकटा पडलाय, काय मारू?” शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी आणि चिकटा म्हणजे माव्यामुळं तिच्या पानांवर येणारा चिकट थर. पडद्यावर मात्र उमटलं, ‘शाळेवर चिठ्ठा पडलाय’. दोनदा सांगून बघितलं. मग फोन खिशात टाकून “याला आपलं कळंना” म्हणाला आणि कृषी सेवा केंद्राकडं निघाला. बोलणारा माझा भाऊ होता, म्हणून ते मला फार लागलं.

यंत्राला जे ऐकवलं तेच ते शिकतं. शाळू, चिकटा हे शब्द आपल्या माणसांच्या तोंडून त्यानं पुरेसे ऐकलेच नसावेत. आवाज गोळा करायचं काम सरकारनं हाती घेतलंय. ‘भाषिणी’ या २०२२ पासूनच्या सरकारी भाषा-तंत्रज्ञान उपक्रमात ‘भाषादान’ आहे. कुणीही वाक्यं वाचून आपला आवाज देऊ शकतो. मीही शंभरेक वाचली. ती सगळी छापील मराठीतली होती. मंगळवेढ्याचा माणूस वाचू लागला की त्याचं बोलणं बदलतं, आणि हवं असतं ते नेमकं निसटतं. आयआयटी मद्रासच्या ‘एआय फॉर भारत’ गटानं लोकांचं न वाचता केलेलं बोलणंही जमवलंय. धोरणाचा पैसा या वाटेनं अधिक जावा, असं माझं ठाम मत आहे. चिप बाहेरून आणता येतील, दादाचं बोलणं कुठून आणणार?

तेव्हा भाषणं होऊ द्यात, पण मुलांना आणखी एक काम सांगा. आजी-आजोबांना मालदांडी ज्वारीच्या पेरणीपासून मळणीपर्यंतचं बोलतं करायचं आणि ते फोनवर टिपायचं. आधी त्यांची परवानगी घ्यायची. आवाज त्यांचा आहे. प्रत्येक शब्द कुणी, कुठल्या गावात, कशासाठी वापरला ते वहीत लिहायचं. हुरडा, कडबा, पेंढी इथून सुरुवात करा. वही भरली की मला पाठवा. अक्कलकोटकडच्या शब्दांची माझी वही आहे, दोन्ही ताडून बघू.